कोणीं काय लक्षांत ठेवावें?

स्मरणशक्तीची थोरवी आपल्याकडे इतकी गाइली गेली आहे कीं, विसरण्याच्या अंगींहि कांहीं गुण असूं शकेल हें चटकन् कोणास पटत नाहीं. मुलानें पाढा विसरावा तर त्यास बोलणीं बसतात; निरोप विसरणाऱ्याची घरांत धडगत नसते; आणि चष्मा कोठें ठेवला हें आजोबा विसरले कीं सारें घर तो शोधावयास निघतें. तथापि ज्या घरांत बरींच माणसें एकत्र नांदतात, तेथें काय लक्षांत ठेवावें याइतकेंच काय विसरून जावें आणि कोणाची गोष्ट कोणापाशीं बोलूं नये, यावरहि घराचें स्वास्थ्य अवलंबून असतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें आम्ही निराळें सांगावयास नको.

आमचा व्यवसाय वेब ॲप्लिकेशनें लिहिण्याचा आहे, आणि त्यांत हाच प्रश्न रोज समोर येतो. या क्षणीं कार्यक्रमाला जें जें ठाऊक आहे, त्या सर्वास आमच्या परिभाषेंत 'स्टेट' म्हणतात. आपण त्याला 'स्थिति' म्हणूं. ही स्थिति कोठें ठेवावी, ती कोणीं बदलावी आणि ती केव्हां पुसून टाकावी, हें ठरविणें म्हणजे स्थितिव्यवस्था. नांव जड आहे, पण गोष्ट घरगुती आहे.

वेबची मूळ घडणच विसराळू आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जी योजना मांडली, तिच्यांतून पुढें एचटीटीपी ही संदेशांची रीति जन्मास आली. तिचा नियम असा कीं, आपल्या हातांतील ब्राउझरनें एक पान मागावें, दूरच्या सर्व्हरनें तें द्यावें, आणि तेवढ्यावर तो व्यवहार संपावा. तोच मनुष्य पुढच्या क्षणीं दुसरें पान मागावयास आला, तरी सर्व्हर त्यास ओळखीत नाहीं. 'आपण कोण?' येथपासून पुन्हां आरंभ. हें ऐकून कोणास ही रीति सदोष वाटेल. पण तिच्या विसराळूपणांतच तिचें सामर्थ्य आहे. कोणाचेंच कांहीं लक्षांत ठेवावयाचें नसल्यामुळें एक सर्व्हर थकला तर दुसरा त्याच्या जागीं उभा करतां येतो, आणि मागणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. रॉय फील्डिंग यांनीं २००० सालच्या आपल्या प्रबंधांत या गुणास तत्त्वाचें स्थान दिलें. प्रत्येक विनंति स्वतःपुरती पूर्ण असावी, ती समजण्यास मागचें कांहीं आठवावें लागूं नये, असें त्यांचें म्हणणें.

पान तयार करण्याच्याहि दोन रीति आहेत. एकींत सर्व्हर सर्व मजकूर जागच्या जागीं मांडून पान पुरें करून पाठवितो. म्हणजे वाढलेलें ताटच समोर येतें. दुसरींत तो नुसता शिधा पाठवितो, आणि स्वयंपाक ब्राउझरनें आपल्या घरीं करावयाचा असतो. जुना फोन, मंद जाळें किंवा अनोळखी हात असेल, तेथें वाढलेलें ताट बरें, हें आमचें मत अनुभवानें पक्कें झालेलें आहे. पुण्यांतील एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां म्हणूनच आम्हीं पहिली रीति पत्करली. सभासदांनीं पुस्तक शोधावें, तें आहे कीं बाहेर गेलें आहे हें पाहावें, आणि हवें तर राखून ठेवावें, एवढेंच काम होतें. तें दोन वर्षें निर्वेध चाललें.

पुढें सभासदांची एक मागणी आली. एके दिवशीं संग्रहालयांत एक सेवानिवृत्त शिक्षक भेटले. ते म्हणाले, "अहो साहेब, मी पांच पुस्तकें मनांत धरून सहावें शोधायला जातों, तों पहिलीं पांच कोणतीं होतीं तें मलाहि आठवत नाहीं आणि तुमच्या यंत्रालाहि आठवत नाहीं. दोन म्हाताऱ्यांनीं बाजारांत जावें तशी गत झाली!" आम्हीं म्हटलें, "गुरुजी, आपल्या दोघांच्या मध्यें एक यादी ठेवूं." बोलावयास हें एक वाक्य, पण ज्या घरानें आजवर कांहींच लक्षांत ठेवलें नव्हतें, त्याला स्मरण द्यावयाचें म्हणजे आधीं जागा ठरवाव्या लागतात.

जागा ठरविण्याचें साधन फार जुनें नाहीं. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींत लू मोंटुली यांनीं कुकीची कल्पना वेबवर आणली. एका गिऱ्हाइकास आपल्या दुकानांतील अर्धवट राहिलेली खरेदी स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळावयाची नव्हती, म्हणून ती खूण खरेदीदाराच्याच ब्राउझरपाशीं ठेवण्याची ही युक्ति निघाली. देवळाबाहेर चपला ठेवल्या कीं आपल्याला बिल्ला मिळतो, तशीच ही कुकी असावी. बिल्ल्यावर क्रमांकापलीकडे कांहीं नसतें. चपला आंत राहतात, आणि बिल्ला दाखविल्यावर ज्याच्या त्यास परत मिळतात. फरक इतकाच कीं, देवळांतले बिल्ले एक, दोन, तीन असे ओळीनें असले तरी चालतें. वेबवर तसे असले तर कोणीहि पुढचा आंकडा सांगून दुसऱ्याच्या चपला घालून जाईल. म्हणून तो आंकडा लांबलचक आणि अंदाज न बांधतां येण्याजोगा असावा लागतो. शिवाय पानावरील इतर लेखनास तो वाचतां येऊं नये आणि सुरक्षित मार्गावांचून तो कोठें जाऊं नये, असा बंदोबस्त करावा लागतो.

यादी ठेवण्यापूर्वीं आम्हीं एक कागद घेऊन संग्रहालयाच्या सर्व स्थितीचे भाग पाडले. शोधाचे शब्द पानाच्या पत्त्यांतच राहावे, असें ठरलें. कारण शिक्षकानें तो पत्ता विद्यार्थ्यास पाठविला तर त्यास तेंच पान दिसलें पाहिजे, आणि मागें जाण्याचें बटण दाबल्यावर मागचाच शोध परत आला पाहिजे. सभासद कोण, हें बिल्ल्याच्या आधारानें सर्व्हरपाशीं. पुस्तक कोणी राखून ठेवलें, हें डेटाबेसांत; कारण ती सर्वांस बांधणारी गोष्ट आहे, आणि तिच्या दोन नोंदी झाल्या तर एकाच पुस्तकावर दोन सभासद हक्क सांगतील. शोधाचा बारीक तपशील दाखविणारी पट्टी उघडी कीं मिटलेली, हें मात्र ब्राउझरनेंच पाहावें. तें सर्व्हरास कळण्याचें कारण नाहीं. शेवटीं राहिली ती वादाची वस्तु, म्हणजे निवडलेल्या पण अजून न राखलेल्या पुस्तकांची यादी. ती सबंध कुकींत भरावी, असें आमच्या एका तरुण सहकाऱ्यानें सुचविलें. परंतु एका कुकींत सुमारें ४,०९६ बाइटांपलीकडे मजकूर राहील असा भरंवसा धरतां येत नाहीं, आणि शिवाय तें ओझें प्रत्येक विनंतीबरोबर इकडून तिकडे वाहावें लागतें. दुपारीं फोनवर आरंभिलेली यादी रात्रीं घरच्या संगणकावर पुरी करणारे सभासद बरेच निघाले, म्हणून ती सभासदाच्या नांवें डेटाबेसांत ठेवावी आणि नांव न सांगतां आलेल्या वाचकाची तात्पुरती यादी सेशनमध्यें ठेवावी, असें ठरलें.

एवढ्यावर भागलें असतें, तर या लेखाचें प्रयोजन नव्हतें. पण यादी आली आणि पानावर तीन ठिकाणीं तिचा आंकडा दिसूं लागला. वरच्या कोपऱ्यांत एक, बाजूच्या रकान्यांत दुसरा आणि बटणावर तिसरा. सभासदानें पुस्तक निवडलें कीं सबंध पान पुन्हां न मागवतां हे तिन्ही आंकडे बदलावे, अशी समितीची इच्छा. तिघांनीं आपापला हिशेब ठेवला कीं काय होतें, हें ज्या घरांत दुधाचा हिशेब तीन माणसांनीं ठेवला आहे तेथें विचारावें. शहाण्या घरांत तो भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर असतो, आणि ज्यास पाहावयाचें असेल तो तेथें जाऊन पाहतो. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनीं २०१५ सालीं रिडक्स नांवाचें जें साधन केलें, त्याचें मर्म हेंच आहे. सर्व स्थिति एका स्टोअरमध्यें असावी. कोणीं तिला परभारें हात लावूं नये. ज्यास बदल हवा त्यानें 'आज अर्धा लिटर जास्त' असें काय घडलें तेवढें कळवावें, आणि नव्या स्थितीचा मजकूर ठरलेल्या नियमानेंच लिहिला जावा. यांत काम वाढतें हें खरें. पण आंकडा चुकला तर कोणत्या निरोपानें चुकला, हें मागें जाऊन पाहतां येतें. आम्हीं हें साधन यादीपुरतेंच आणलें. बाकीचें संग्रहालय पूर्वींप्रमाणेंच वाढलेल्या ताटावर राहिलें, आणि ब्राउझरचें लेखन बंद पडलें तरी साध्या बटणानें यादी भरतां यावी, ही सोय आम्हीं सोडली नाहीं.

आतां ज्या गोष्टीकरितां हें सर्व सांगितलें, तिच्याकडे वळूं. ब्राउझरमध्यें स्टोअर एकाच माणसाचें असतें. तें त्याच्या घरांतलें कॅलेंडर. परंतु पान जेव्हां सर्व्हरवर तयार होतें, तेव्हां तेथेंहि त्या पानापुरतें एक स्टोअर भरावें लागतें, आणि सर्व्हर हें एका घराचें स्वयंपाकघर नसून सबंध गांवाचा मुदपाकखाना आहे. याचा विसर पडला तर काय होतें, हें आम्हांस दुसऱ्या एका गांवच्या वाचनालयांत पाहावयास मिळालें. तेथील समितीनें आम्हांस तपासाकरितां बोलाविलें होतें. तेथेंहि आमच्याच सारखी यादीची सोय नुकतीच झाली होती. एक विवाहित मुलगी माहेरीं येऊन राहिली होती. विभक्त होणाऱ्या स्त्रीचे हक्क, पोटगी आणि मुलांचा ताबा, या विषयांवरील कायद्याचीं पुस्तकें तिनें रात्रीं आपल्या यादींत टाकलीं. त्याच वेळीं त्याच गल्लींतील एका बाईंनीं आपली यादी उघडली, तों वर नांव या मुलीचें आणि खालीं तीं पुस्तकें. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनीं काळजीनेंच दुसऱ्या दिवशीं तिच्या आईला विचारलें, "वहिनी, ताईचें सारें ठीक आहे ना?" मुलीनें आईवडिलांस अजून कांहींच सांगितलें नव्हतें. केव्हां सांगावें, कोणत्या शब्दांत सांगावें, आधीं आईला कीं आधीं वडिलांना, हें ती मनाशीं ठरवीत होती. तें ठरविणें तिच्या हातांत राहिलें नाहीं.

आम्हीं कार्यक्रम उघडून पाहिला. दोष एका ओळीचा होता. सर्व्हर सुरू होतांना एकदांच स्टोअर तयार केलेलें होतें, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येक विनंतीसाठीं तेंच वापरलें जात होतें. आधीं वाटतें कीं यांत काय बिघडलें? एकाचें काम झालें कीं दुसऱ्याची माहिती त्यावर लिहिली जाणारच. पण सर्व्हर तसा एकमार्गी नसतो. पहिल्या सभासदाच्या पुस्तकांविषयीं डेटाबेसास विचारल्यावर उत्तर येईपर्यंत तो हात बांधून बसत नाहीं. तेवढ्यांत तो दुसऱ्या सभासदाची विनंति हातीं घेतो. दोघांस मिळून पातेलें एकच असेल, तर एकाचें उत्तर दुसऱ्याच्या पातेल्यांत पडतें आणि तेंच ताटांत वाढलें जातें. हा दोष लिहिणाऱ्यास कधींच दिसत नाहीं, कारण तो एकटाच बसून तपासतो. दोन माणसें एकाच क्षणाला आलीं म्हणजेच तो प्रगट होतो, आणि पुन्हां पाहावें तों नाहींसा होतो. रिडक्सच्या मार्गदर्शक लेखनांतहि, सर्व्हरवर प्रत्येक विनंतीगणिक नवें स्टोअर तयार करावें, असें स्पष्ट बजाविलेलें आहे. उपाय तोच केला. स्टोअर निर्माण करण्याची ओळ बाहेरून आंत नेली. एका विनंतीबरोबर तें जन्मावें आणि तिच्याबरोबरच संपावें. शिवाय दोन कल्पित सभासद मुद्दाम एकाच वेळीं आणून, एकाचें उत्तर उशिरा देऊन, दोघांचीं पानें ताडून पाहण्याची चाचणी कायमची लावून दिली. समितीनें त्या मुलीस पत्र लिहून क्षमा मागितली. ती ओळ दुरुस्त करण्यास दहा मिनिटें लागलीं. त्या प्रश्नानें त्या घरांत जें झालें, तें दुरुस्त करण्याचें साधन आमच्यापाशीं नव्हतें.

हें लहान गांवाचें दुर्दैव, असें कोणी समजूं नये. २०१५ सालच्या नाताळच्या दिवशीं, २५ डिसेंबर रोजीं, संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या जगप्रसिद्ध दुकानांत असाच प्रकार घडला. दुकानावर मुद्दाम आणलेला विनंत्यांचा लोंढा आवरण्यासाठीं, तयार झालेलीं पानें साठवून पुन्हां देण्याची जी व्यवस्था केली, तिची मांडणी चुकली, आणि एका ग्राहकासाठीं तयार झालेलें पान दुसऱ्यास दिसूं लागलें. सुमारें ३४,००० लोकांचीं पानें अशीं उघडीं पडलीं असावीं, असें चालकांनीं मागाहून कळविलें. कोणाचा पत्ता, कोणाची खरेदी, कोणाच्या कार्डाचे शेवटचे दोन आंकडे परक्यांनीं पाहिले. तेथें दोष स्टोअरचा नव्हता, साठवणीचा होता; पण मूळ एकच. एकासाठीं वाढलेलें ताट दुसऱ्याच्या पाटासमोर गेलें.

याखेरीज दोन किरकोळ पथ्यें आहेत, तीं येथेंच सांगून टाकतों. सर्व्हरनें पाठविलेलें पान ब्राउझर हातीं घेतो तेव्हां, आपण स्वतः तेंच पान मांडलें असतें तर कसें दिसलें असतें, हें तो ताडून पाहतो, आणि दोहोंत फरक पडला तर घोटाळा होतो. आमच्याकडे पुस्तक परत करण्याच्या तारखेवरून हें लक्षांत आलें. सर्व्हरचें घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, सभासदाचें भारतीय वेळेवर. अंतर साडेपांच तासांचें. म्हणजे मध्यरात्रीपासून पहांटे साडेपांचपर्यंत दोघांची तारीख निराळी! चाचणीच्या वेळीं हें दिसतांच आम्हीं असें केलें कीं, तारीख सर्व्हरनें एकदांच संग्रहालयाच्या वेळेनें काढावी आणि स्थितीबरोबर पाठवावी. ब्राउझरनें ती नुसती दाखवावी. त्यामुळें अमेरिकेंत मुलीकडे गेलेल्या सभासदासहि पुण्याचीच तारीख दिसते, आणि दंडावरून वाद होत नाहीं. दुसरें पथ्य असें कीं, पानाबरोबर पाठविलेली स्थिति हा नुसता मजकूर आहे, ती आज्ञा नव्हे, हें ब्राउझरास कळेल अशा रीतीनेंच तिच्यांतील कोनदार चिन्हें बदलून लिहावीं. नाहीं तर कोणा खोडसाळानें पुस्तकाच्या नांवाच्या जागीं आज्ञा लिहून ठेवावी, आणि दुसऱ्याच्या ब्राउझरनें ती निमूटपणें पाळावी, असें व्हावयाचें.

आमच्या संग्रहालयाचें काम संपत आलें, तेव्हां समितीच्या बैठकींत एक प्रश्न निघाला. प्रत्येक सभासदानें आजवर काय निवडलें, काय काढून टाकलें, काय वाचलें, तें सर्व कायमचें ठेवावें, असें एका वडील सभासदांचें म्हणणें होतें. "जागेला आतां तोटा नाहीं. पुढें कधीं उपयोगीं पडेल. तरुणांना कोणतीं पुस्तकें सुचवावीं, हें त्यावरून कळेल," असें ते म्हणाले, आणि त्यांचा हेतु शुद्ध होता. आम्हांस मत विचारण्यांत आलें. आम्हीं सांगितलें कीं, जपून ठेवलेली प्रत्येक गोष्ट ही कधींतरी भलत्या ताटांत पडण्याची शक्यता घेऊनच राहते. त्या शक्यतेस आमच्या चाचण्या कमी करतील, पण शून्य करणार नाहींत. जी यादी उरलीच नाहीं, ती मात्र कोणासहि दिसणार नाहीं. ग्रंथपालबाईंनीं या मतास दुजोरा दिला. त्या म्हणाल्या, "टेबलापलीकडे उभ्या असलेल्या वाचकानें काय नेलें, हें आम्ही पुस्तक परत येईपर्यंतच लक्षांत ठेवतों. तें आलें कीं कार्ड दुसऱ्याचें." बराच ऊहापोह होऊन शेवटीं बहुमतानें असें ठरलें कीं, ३० दिवस हात न लागलेली यादी आपोआप पुसली जावी, आणि परत आलेल्या पुस्तकाबरोबर सभासदाचें नांव हिशेबास लागेल तितकेंच दिवस राहावें. वडील सभासदांनीं आपला विरोध नोंदवून घेतला, आणि तोहि योग्यच झाला. पुढची समिति विचार करील तेव्हां तिला दुसरी बाजू वाचावयास मिळेल.

आज बँक, शाळा, दवाखाना, वाणी, सर्वांचीं पानें आपल्या घरांतील लहानथोर माणसें दिवसभर उघडीत असतात, आणि पुष्कळ घरांत एकाच फोनवर चौघांचा वावर असतो. तीं पानें कोणीं आणि कशीं तयार केलीं, हें वाचकांस पाहतां येणार नाहीं. तथापि दोन प्रश्न विचारण्यास विद्या लागत नाहीं: हें तुम्ही कोणाच्या नांवें ठेवतां, आणि किती दिवस ठेवतां? ज्या संस्थेंत आपले हितसंबंध असतील, जिच्या समितीवर आपल्या घरचें कोणी असेल, तेथें हे प्रश्न विचारून पाहावे. उत्तर देण्यासाठीं कोणाला तरी कार्यक्रम उघडून पाहावा लागेल, आणि स्टोअर निर्माण करणारी ती ओळ आंत आहे कीं बाहेर, हें त्या निमित्तानें त्याच्या दृष्टीस पडेल.